‘दिसेल तेच खरे’ : प्रत्यक्षार्थवादाची कमाई आणि मर्यादा

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आता मराठीत चांगलाच रुळला आहे. रक्तगट पॉझिटिव्ह असतो, तपासणीचा अहवाल पॉझिटिव्ह येतो, आणि ‘विचार पॉझिटिव्ह ठेवा’ हा सल्ला तर फुकट मिळतो. त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ‘पॉझिटिव्हिझम’ हा शब्द भेटला, की तो आशावादाचाच एखादा प्रकार असावा असे वाटण्याचा संभव आहे. या शब्दाचा आशा-निराशेशी काहीही संबंध नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मांडलेले’, ‘ठेवलेले’ असा आहे. जे समोर मांडलेले आहे, अनुभवाला येते आणि म्हणून ज्याविषयी खात्रीने बोलता येते, तेवढ्यालाच ज्ञान म्हणावे, ही या विचारसरणीची मूळ भूमिका. मराठीत तिला ‘प्रत्यक्षार्थवाद’ म्हणतात आणि ते नाव अर्थाला धरून आहे.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी या वादाची दखल घ्यावी, याला एक साधे कारण आहे. आपल्यापैकी बरेच जण नकळत प्रत्यक्षार्थवादीच असतात. विज्ञान दिनाच्या भाषणात ‘जे दिसते, जे मोजता येते, तेवढेच विज्ञान मानते’ असे वाक्य हमखास येते. टाळ्याही मिळतात. पण दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात आपण अणूची रचना शिकवतो, आणि एखादी चौकस मुलगी विचारते, ‘सर, इलेक्ट्रॉन कुणी पाहिला?’ आदल्या दिवशीचे वाक्य खरे मानायचे तर हिला काय उत्तर द्यायचे? ‘पुस्तकात आहे’ हे उत्तर दिले, तर ग्रंथप्रामाण्यावरची आपली सारी टीका आपल्यावरच उलटते. म्हणून ही विचारसरणी विज्ञानाला काय देऊन गेली आणि तिने विज्ञानाची वाट कोठे अडवली, हे नीट पाहून घेणे आवश्यक आहे.

काँतच्या तीन अवस्था

या विचाराला नाव आणि बांधणी दिली ती ओग्युस्त काँत (१७९८–१८५७) या फ्रेंच विचारवंताने. (जर्मन तत्त्वज्ञ कांट तो वेगळा.) १८३० ते १८४२ या काळात त्याने सहा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याचा मुख्य सिद्धान्त असा, की मानवी ज्ञानाची प्रत्येक शाखा तीन अवस्थांमधून जाते. पहिल्या अवस्थेत माणूस घटनांची कारणे देवदेवतांच्या इच्छेत शोधतो. दुसऱ्या अवस्थेत देवांची जागा अमूर्त शक्ती आणि गूढ गुणधर्म घेतात. तिसऱ्या, म्हणजे प्रत्यक्षार्थी अवस्थेत माणूस अंतिम कारणांचा नाद सोडतो आणि घटनांमधील नियमित संबंध शोधतो. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम हे काँतच्या दृष्टीने याचे उत्तम उदाहरण होते. गुरुत्वाकर्षण मुळात का आहे, हे तो नियम सांगत नाही; ते किती असते हे सांगतो, आणि तेवढ्यावर ग्रहणाची वेळ आधी वर्तवता येते.

यातील दुसऱ्या अवस्थेकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. फ्रेंच नाटककार मोलिएर याने सतराव्या शतकातच तिची थट्टा केली होती. त्याच्या नाटकात, अफूने झोप का येते या प्रश्नाला ‘तिच्यात निद्राकारक शक्ती असते म्हणून’ असे उत्तर मिळते. प्रश्नच नाव बदलून उत्तराच्या जागी बसवला आहे! आपण हसतो, पण आपल्या ‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नाची उत्तरे तपासून पाहा. ‘वात तेल वर ओढते, कारण केशाकर्षण.’ ‘फळ खाली पडते, कारण गुरुत्वाकर्षण.’ मुलाने नाव लिहिले, आपण दोन गुण दिले. केशाकर्षण या शब्दाने त्या मुलाला अधिक काय कळले? नळी जितकी बारीक तितके पाणी जास्त वर चढते, हे त्याला माहीत आहे का? ते माहीत असेल तर त्याच्या हाती एक नियम आहे. नसेल तर फक्त एक मंत्र आहे. नाव आणि ज्ञान यांतला हा फरक दाखवून देणे, ही प्रत्यक्षार्थवादाची पहिली कमाई आहे.

पण याच काँतने एक ठोकर खाल्ली, तीही बोधप्रद आहे. ग्रंथाच्या १८३५ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात त्याने लिहिले, की ताऱ्यांचे आकार, अंतरे व गती आपल्याला कळू शकतील, पण त्यांची रासायनिक घडण आपल्याला कधीही कळणार नाही. तर्क सरळ होता. ताऱ्याचा तुकडा आणून तो परीक्षानळीत घालता येत नाही; म्हणून तो प्रत्यक्षाच्या कक्षेबाहेर. काँत १८५७ साली वारला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५९ साली, किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले, की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या वर्णपटात ठरावीक रेषा उमटवते, आणि सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील काळ्या रेषांवरून तेथील मूलद्रव्ये ओळखता येतात. ज्योतीत मीठ टाकले की पिवळा रंग येतो, हे आपण वर्गात दाखवतो. तोच हा प्रकार. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात झान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातील गुंटूर येथून सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. पुढे इंग्लंडमध्ये लॉकियरनेही स्वतंत्रपणे, ग्रहण नसताना, ही निरीक्षणे केली. त्यांतील एक पिवळी रेषा सोडियमशी जुळेना, तेव्हा तिचा धनी म्हणून ‘हेलियम’ या नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर ते रॅम्झीला सापडले १८९५ साली. म्हणजे हेलियम आधी सूर्यावर सापडला, मग घरात!

काँतला वर्णपटशास्त्र माहीत नव्हते, हा त्याचा दोष नव्हे. आज जे दिसत नाही ते कधीच दिसणार नाही, असे त्याने गृहीत धरले, हा दोष. ‘प्रत्यक्ष’ ही कुंपण घातलेली जमीन नाही. नवे उपकरण आले आणि त्याच्यामागे नवा सिद्धान्त उभा राहिला, की कुंपण सरकते.

माख आणि न दिसणारा अणू

विमानाच्या वेगासंबंधी बोलताना आपण ‘मॅक’ हा शब्द वापरतो. तो ज्याच्या नावावरून आला, तो एर्न्स्ट माख (१८३८–१९१६) हा पदार्थवैज्ञानिक प्रत्यक्षार्थवादाचा पुढचा मोठा पुरस्कर्ता. विज्ञान म्हणजे संवेदनांमधील संबंधांचे काटकसरीने केलेले वर्णन, असे तो मानी. १८८३ सालच्या यामिकीवरील ग्रंथात त्याने न्यूटनच्या ‘निरपेक्ष अवकाशा’वर हल्ला चढवला. जो अवकाश कोणत्याही मार्गाने अनुभवाला येत नाही, त्याच्या संदर्भात गती मोजायची म्हणजे काय, हा त्याचा प्रश्न होता. तरुण आइन्स्टाइनवर या टीकेचा खोल परिणाम झाला आणि तो त्याने स्वतः मान्य केला आहे. १९०५ सालच्या सापेक्षता सिद्धान्तात ‘दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या’ या वाक्याचा अर्थ काय, तो घड्याळांनी व प्रकाशकिरणांनी कसा तपासायचा, असे आइन्स्टाइन विचारतो. ही चाल अस्सल प्रत्यक्षार्थवादी आहे. या विचाराची ही दुसरी आणि मोठी कमाई.

मात्र माखने तीच कसोटी अणूला लावली. अणू दिसत नाही. म्हणून तो हिशेबाच्या सोयीसाठी वापरलेले चिन्ह, त्याला वास्तव मानू नये. अणूंविषयी कोणी बोलू लागले की तो ‘तुम्ही एखादा पाहिला आहे का?’ असे विचारी, अशी आठवण सांगितली जाते. आपल्या नववीतल्या मुलीचाच हा प्रश्न! दुसरीकडे लुडविग बोल्ट्झमन अणूंच्या गतीवरून उष्णतेचे नियम सिद्ध करत होता. १८९५ साली ल्युबेक येथील परिषदेत त्याचा ऊर्जावादी मंडळींशी जाहीर वाद झाला. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड त्या बाजूचा प्रमुख. त्याच्या मते ऊर्जा तेवढी खरी, अणूंची गरजच नाही. १९०६ साली बोल्ट्झमनने आत्महत्या केली. त्याच्या खचलेल्या प्रकृतीचा सारा भार या वादावर टाकणे योग्य होणार नाही; पण अणूंच्या बाजूने कौल लागताना पाहायला तो राहिला नाही, हे खरे.

तो कौल लागला कसा? पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण सतत वेडेवाकडे हलतात, हे ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली पाहिले होते. १९०५ साली आइन्स्टाइनने गणित मांडले, की हे हलणे पाण्याच्या रेणूंच्या धडकांमुळे असेल, तर कण ठरावीक वेळात सरासरी किती सरकतील. १९०८ पासून झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली एका झाडाच्या राळेचे बारीक कण मोजले, त्यांचे सरकणे नोंदवले, आणि त्यावरून ॲव्होगाड्रोचा अंक काढला. पण पेरँ तेथे थांबला नाही. आकाशाच्या निळेपणावरून, किरणोत्सर्गावरून, तप्त वस्तूच्या प्रारणावरून, विद्युत्‌प्रभारावरून, अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या डझनभर मार्गांनी तोच अंक निघतो, हे त्याने १९१३ सालच्या पुस्तकात एकत्र मांडले. साधारण ६ वर २३ शून्ये. ऑस्टवाल्डने त्याआधीच, १९०९ च्या सुमारास, मोकळेपणाने हार मान्य केली. माख मात्र शेवटपर्यंत मनापासून पटवून घेऊ शकला नाही. पेरँला १९२६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे आपल्या परंपरेतील एक जुना वाद आठवणे उपयोगाचे आहे. चार्वाक प्रत्यक्ष हेच प्रमाण मानत. नैयायिक अनुमानही मानत. पर्वतावर धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी आहे. का? तर स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी नेहमी एकत्र पाहिले आहेत. अणूंच्या बाबतीत मात्र हा दाखलाही अपुरा पडतो, कारण अणू आणि त्याचा ‘धूर’ हे दोन्ही एकत्र पाहिलेले स्वयंपाकघर कोठेच नव्हते. पेरँचा युक्तिवाद निराळा आहे. पर्वताच्या डझनभर बाजूंनी डझनभर वेगवेगळे धूर निघताहेत, आणि प्रत्येकावरून आगीचा जो आकार निघतो तो एकच आहे. एकमेकांना न भेटलेल्या साक्षीदारांच्या जबान्या आकड्यासकट जुळाव्यात, तसे हे आहे. आता ‘तिथे आग नाहीच’ असे म्हणणाऱ्यालाच इतक्या योगायोगांचा खुलासा करावा लागतो. आधुनिक विज्ञानातील बहुतेक अदृश्य वस्तूंवरचा आपला विश्वास याच जातीचा आहे. १९३० साली पाउलीने न्यूट्रिनो हा कण केवळ हिशेब जुळवण्यासाठी सुचवला. तो प्रयोगात सापडला १९५६ साली. वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या गटाने घेतली. पाउलीने माखचा नियम पाळला असता, तर शोधायचे काय हेच कोणाला कळले नसते.

व्हिएन्नाचे मंडळ

ज्या अध्यासनावर पूर्वी माख होता, त्यावर १९२२ साली मोरित्स श्लिक व्हिएन्नाला आला आणि त्याच्याभोवती गणिती, वैज्ञानिक व तत्त्वज्ञ यांचे मंडळ जमले. रुडॉल्फ कार्नाप, ऑटो नॉयराट, हान्स हान ही त्यातील ठळक नावे. माखच्या अनुभववादाला त्यांनी नव्या तर्कशास्त्राची जोड दिली. म्हणून ‘तार्किक प्रत्यक्षार्थवाद’. १९२९ साली त्यांनी आपला जाहीरनामा काढला. या मंडळींना केवळ पुस्तकी समजणे अन्यायाचे होईल. नॉयराटने १९२५ साली व्हिएन्नात समाज आणि अर्थव्यवहार यांचे संग्रहालय सुरू केले, आणि आकडेवारी छोट्या चित्रांच्या रांगांनी सामान्य माणसाला समजावण्याची पद्धत बसवली. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतील चित्रालेख त्याच घराण्यातले. या मंडळींना अंधुक, भारदस्त शब्दांची चीड होती, आणि त्या शब्दांवर पोसणाऱ्या राजकारणाचीही. १९३६ साली श्लिकचा त्याच्याच एका माजी विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या पायऱ्यांवर गोळ्या घालून खून केला. बाकीचे बरेचसे इंग्लंड-अमेरिकेत पांगले.

त्यांचे मुख्य सूत्र असे : ज्या विधानाची अनुभवाने पडताळणी करता येत नाही (आणि जे गणितासारखे केवळ तार्किकही नाही), ते विधान खोटे नव्हे तर अर्थहीन होय. सूत्र धारदार आहे. पण त्याची धार धरणाऱ्याच्या हातालाच लागली. ‘सर्व धातू तापवल्यावर प्रसरण पावतात’ हे विधान घ्या. सगळे धातू, सगळ्या काळी, कोण तपासणार? पूर्ण पडताळणी हवी असेल तर विज्ञानाचे नियमच अर्थहीन ठरतात. शिवाय, ‘पडताळता न येणारे विधान अर्थहीन असते’ हे विधान तरी कोणत्या प्रयोगाने पडताळायचे? कार्ल पॉपरने १९३४ साली दिशा बदलली. नियम पूर्णपणे खरा ठरवता येत नाही, पण खोटा ठरवता येतो. तेव्हा खोटे ठरण्याचा धोका जे विधान पत्करते ते वैज्ञानिक. अर्थपूर्ण कोणते हा पॉपरचा प्रश्नच नव्हता. १९५१ साली क्वाइनने आणखी एक गाठ दाखवली : विधाने एकेकटी अनुभवासमोर उभी राहत नाहीत, घोळक्याने राहतात. प्रयोग फसला तर सिद्धान्त चुकला की उपकरण बिघडले, हे प्रयोग स्वतः सांगत नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांना हे शिकायला क्वाइन वाचावा लागत नाही. बिघडलेले यंत्र ते शिकवते. आणि ज्या ए. जे. एअरने १९३६ साली हे तत्त्वज्ञान इंग्रजीत लोकप्रिय केले, त्यानेच १९७०च्या दशकात दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, त्यातील बहुतेक सारे चूक होते, असे कबूल केले.

‘अर्थहीन’ हा शिक्का मारण्यात आणखी एक तोटा आहे, आणि तो आपल्याकडे जास्त जाणवतो. फलज्योतिष घ्या. त्याला अर्थहीन म्हटले की वाद तेथेच संपतो, आणि परीक्षेतून त्याची सुटका होते. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पुण्यात निराळा मार्ग घेतला. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका त्यांनी गोळा केल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवले असते तरी साधारण पन्नास टक्के जमली असती. या चाचणीने ज्योतिषाच्या दाव्याला अर्थ आहे असे मानले, त्याला नेमका प्रश्न विचारला, आणि आलेले उत्तर मोजले. तुच्छतेने झटकण्यापेक्षा हे अधिक न्याय्य आहे आणि अधिक परिणामकारकही.

मोजमाप आणि माणूस

प्रत्यक्षार्थवादाची शाळेशी सर्वांत जवळची नाती मोजमापातून येतात. उच्च दाबावरील संशोधनासाठी १९४६ चे नोबेल मिळवणारा पर्सी ब्रिजमन याने १९२७ साली सांगितले, की संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्याची कृती. दुसरे काही नाही. ‘लांबी’ म्हणजे पट्टी लावण्याची कृती. शिस्त म्हणून हे उत्तम आहे. ‘ऊर्जा’, ‘लहरी’, ‘स्पंदने’ हे शब्द बाजारात सैलपणे फिरत असताना ‘ती कशी मोजता?’ हा प्रश्न फार कामाचा आहे. पण तत्त्व म्हणून ते टिकत नाही. पाऱ्याचा तापमापी आणि वायूचा तापमापी ० आणि १०० अंशांवर जुळवून घेतले, तरी मधे त्यांचे आकडे किंचित वेगळे येतात. ब्रिजमनचे शब्दशः ऐकले तर ही दोन निराळी तापमाने झाली. वैज्ञानिकांनी तसे मानले नाही. तापमान एकच आहे आणि दोन्ही यंत्रे ते कमीअधिक चुकीने दाखवतात, असे मानले. म्हणून तर अधिक चांगला तापमापी शोधता आला. संकल्पना मोजमापाहून मोठी असते, म्हणूनच मोजमाप सुधारता येते.

हेच तापमापीऐवजी मुलाच्या बाबतीत विसरले गेले. बुद्धिमत्ता म्हणजे बुद्धिमापन चाचणी जे मोजते ते, अशी व्याख्या बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२३ सालीच केली होती. वर्तनवादाने ‘मन’ हा शब्दच बाजूला ठेवला. त्याची छाया आपल्या पाठ टाचणात आहे. उद्दिष्टांपुढील स्पष्टीकरणे आठवा : विद्यार्थी सांगतो, ओळखतो, फरक स्पष्ट करतो. जे दिसेल आणि तपासता येईल तेवढेच लिहायचे. यात लबाडी नाही. ‘मुलांना विज्ञानाची गोडी लागेल’ अशा मोघम वाक्यांपेक्षा ते बरेच प्रामाणिक आहे. पण हळूहळू अर्थ पालटतो. गुण हे समजेचे मोजमाप न राहता गुण म्हणजेच समज, असे होऊन बसते. मग मूल चाळीस टक्क्यांचे ठरते आणि प्रश्नपत्रिका चुकीची असू शकते, हे कोणाला सुचत नाही. तापमापीला आपण जी शंका विचारली, तीच प्रश्नपत्रिकेला विचारायला हवी.

मग प्रत्यक्षार्थवादातले काय ठेवावे? सिद्धान्त म्हणून तो टिकला नाही, सवय म्हणून तो मोलाचा आहे. कोणत्याही दाव्याला तीन प्रश्न विचारावेत. हे खरे असेल तर जगात कोणता फरक दिसेल? कोणता अनुभव आला तर तुम्ही हे सोडून द्याल? आणि ते आणखी कोणकोणत्या स्वतंत्र मार्गांनी कळते? पहिला प्रश्न काँत-माखचा आहे, दुसरा पॉपरचा, तिसरा पेरँचा. तिन्ही एकत्र असले, तर कुंपण पडत नाही आणि मोकाट गुरांनाही वाव मिळत नाही.

इलेक्ट्रॉन कुणी पाहिला, असे विचारणाऱ्या मुलीला मग सरळ सांगता येते : कुणीही डोळ्यांनी पाहिला नाही, आणि तुझा प्रश्न माखसारख्या माणसाने विचारला होता. आता फळ्याचे दोन भाग करू. एका भागात इलेक्ट्रॉन आहे असे मानल्यावर ज्या गोष्टी जुळतात त्या लिहू : ऋणकिरणांचे चुंबकाने वळणे, विद्युत्‌विच्छेदनात साठणारे तांबे, मिलिकनचे तेलाचे थेंब. दुसऱ्या भागात, तो नाही असे मानले तर यांतील प्रत्येकाचा वेगळा खुलासा काय देता येईल, ते वर्गाने सुचवायचे. एक तास जाईल, कदाचित दोन. अभ्यासक्रम थोडा मागे पडेल. पण इलेक्ट्रॉनवर विश्वास ठेवायचा की नाही हे वर्ग स्वतः ठरवील, आणि का ठेवला हेही त्याला सांगता येईल.